एलसीतल्या बांगड्या

बँक कापड बघत नाही. कागद बघते. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, कारण माझी निम्मी उमर तोवर कापड बघण्यात गेली होती. भिवंडीत याकूबशेठच्या लूमवर मी घडीखात्यात होते. लूमवरून उतरलेला तागा काचेच्या टेबलावर ओढायचा, खाली दिवा, वर आमचे डोळे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, जाळी पडलेली जागा शोधायची, खडूने खूण करायची, दुरुस्त होईल ते सुईने दुरुस्त करायचं, मग घड्या घालून गाठ बांधायची. आम्ही नऊ बायका होतो. माल चांगला तर पैसे, खराब तर शिव्या, एवढा धंदा आम्हाला कळत होता. आणि दळवी सांगत होता की माल सोन्यासारखा असला आणि कागदात एक गोष्ट कमी-जास्त झाली, तर बँक पैसे अडवील. कागद बरोबर असले, तर गाठीत चिंध्या असल्या तरी देईल.

"मंग चिंध्याच पाठवा," मी म्हटलं.

"एकदा जमेल," दळवी म्हणाला. "दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक कुठून आणू?"

दळवी म्हणजे आमच्याकडे परदेशी मालाचे कागद करणारा माणूस. आधी एका बँकेत होता, तिथून रिटायर होऊन शेठकडे आला. बारीक, चष्मा कपाळावर, आणि दिवसभर तोंडात लवंग.

एलसी म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सुनेलाही ते अजून कळलेलं नाही. गिऱ्हाईक मोंबासाला, आम्ही भिवंडीत. त्याला भीती की पैसे दिले आणि माल आलाच नाही तर? आम्हाला भीती की माल गेला आणि पैसे आलेच नाहीत तर? म्हणून तो त्याच्या बँकेकडे जातो आणि ती बँक आम्हाला लिहून देते: अमुक माल, इतका, या भावाने, या तारखेच्या आत बोटीवर चढवा, आणि त्याचे हे हे कागद मला दाखवा, मी पैसे देते. हे लिहून दिलेलं म्हणजे एलसी. दाखवायच्या कागदांत मुख्य इन्व्हॉइस, म्हणजे आपलं बिलच. एलसीत मालाचं जे वर्णन असेल तेच बिलात पाहिजे. तिकडे बँकेतला माणूस दोन कागद शेजारी ठेवतो आणि ताडून बघतो. त्याला लुंगी आणि लंगोट यांतला फरक माहीत नसला तरी चालतं.

एका गिऱ्हाइकाला गाठींवर उंटाचा मार्का पाहिजे होता. त्यांच्या बाजारात लोक चित्र बघून माल ओळखतात. पत्र्याचा साचा कापणाऱ्याने उंट असा कापला की मान आखूड आणि पाठ सपाट. आमच्यातली गुलाब म्हणाली, ही तर आमच्या खाटकाकडची बकरी. दळवीने बिलावर लिहिलं, मार्का उंट. एलसीत लिहिलं होतं, मार्का उंट. बँकेने पैसे दिले. बकरी गेली आफ्रिकेत आणि तिथे चांगली चालली. पुढच्या ऑर्डरला आम्ही चांगला उंट कापून घेतला, तर गिऱ्हाइकाची तक्रार आली की हा नको, पहिला पाहिजे.

मार्का मारायचं काम माझ्याकडे होतं. साचा ठेवायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही खारबावच्या मराठी शाळेत. पण साच्यावरच्या इंग्रजी अक्षरांशी रोजची गाठ पडली आणि एकेक करून ती ओळखीची झाली. अर्थ कळत नाही, अजून कळत नाही. काही शेजाऱ्यांचं तोंड माहीत असतं, नाव माहीत असतं, पण ते घरात काय बोलतात ते कळत नाही, तसं.

स्वतः केलेल्या बिलातली चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून दळवीला तपासायला जोडीला कोणीतरी पाहिजे होतं. शेठचा भाचा बसायचा, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. शेवटी शेठ म्हणाले, ताराला बसवा, ती ताग्यात धागा शोधते, कागदात शोधील. दुपारी घडीखात्यातून हात धुऊन मी ऑफिसात जायचे. दळवी एलसी वाचायचा, एकेक शब्द, एकेक आकडा, अक्षरं सुटी करून. मी बिलावर बोट ठेवून शोधायचे. सापडलं की म्हणायचं, हाय. नाही सापडलं की, न्हाय. ऑफिसातली पोरं म्हणायची, चला, हाय-न्हायची पूजा सुरू झाली.

यात माझं काही शहाणपण होतं असं कोणी समजू नये. एकदा आकड्याच्या मधोमध मला टिंब दिसलं, जे एलसीत नव्हतं. मी न्हाय म्हणून अडून बसले. दळवीने सगळे कागद परत काढले, शेठची परत सही घेतली, शेठ परत ओरडले. मग कळलं की ते टिंब माशीने टाकलं होतं. त्यानंतर ऑफिसात माशी शिरली की दळवी खुर्ची पुढे सरकवायचा. "बसा साहेब. ताराबाई, तुमचा माणूस आला."

पण एक चूक खरोखर महागात गेली. आखातातलं एक गिऱ्हाईक होतं, गोड बोलणारं. त्याच्या एलसीत होतं की बिलावर सही हाताने केलेली पाहिजे. घाईत एका प्रतीवर सहीचा शिक्का गेला. तिकडच्या बँकेने कागद अडवले. अशा वेळी गिऱ्हाईक "चूक असली तरी चालेल" असं बँकेला लिहून देऊ शकतं, मग पैसे सुटतात. याने लिहून दिलं, पण आधी शेठना फोन करून भाव पाडून घेतला. माल त्याच्या बंदरात पडलेला, परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त. शेठ काय करणार? दिला त्याच भावाने.

दुसऱ्या दिवशी शेठ घडीखात्यात आले. कधी येत नसत. दारातच उभे राहून म्हणाले, अजून एकदा कागद अडकले की परदेशचा धंदा बंद. मग लूमवरून उतरेल तसा कोरा माल मुंबईच्या दलालाला द्यायचा, झंझट नाही. एवढं बोलून गेले. कोऱ्या मालाला ना घडी लागते ना मार्का. म्हणजे आम्ही नऊ जणी घरी. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला समजायला फोड करून सांगावं लागत नाही. माझा नवरा तेव्हा वारलेला, मुलगा शिकत होता. गुलाबच्या घरात तर तिच्या एकटीवरच सगळं.

आता मोंबासाच्या अमीनशेठचं सांगते. त्याचा आजा आपल्या खाडीकडचाच. गलबतावर गेला तो तिकडेच राहिला. याकूबशेठचं सगळ्यात जुनं परदेशी गिऱ्हाईक. तिकडे जन्मलेला असून घरात आजीची बोली टिकलेली, फोनवर आमच्यासारखंच बोलायचा. भावात मात्र घासून घासून जीव घ्यायचा. त्याच्या मुलीचं, सलमाचं, लग्न ठरल्याचं कळलं आणि शेठ म्हणाले, या खेपेला मालाबरोबर आहेर जाईल. शेठच्या बापाची ती पद्धत होती. ज्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न, त्याच्या गाठीत नवरीसाठी कापड. बापाच्या वेळी माल मुंबईच्या बाजारापर्यंतच जायचा, ही गोष्ट वेगळी.

एका लूमवर लाल काठाचं पांढरं कापड खास विणलं. मी स्वतः दिव्यावर तपासलं, एक धागा वाकडा नव्हता. घडी घालताना गुलाब म्हणाली, नवरीला नुसतं कापड? हात रिकामे? झालं. प्रत्येकीने काहीतरी काढलं आणि तीनबत्तीच्या बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. नंबर कुठला घ्यायचा यावरून दोन दिवस घडीखातं पेटलं होतं. हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी सांगते, बांगडीला नंबर असतो. दोन-चार लहान, दोन-सहा मोठा, दोन-आठ त्याहून मोठा. गुलाब म्हणे, श्रीमंताची पोर, खाऊनपिऊन असणार, दोन-आठ आणा. दुसरी म्हणे, आजकालच्या पोरी खातात कुठे. शेवटी मध्यम म्हणून दोन-सहा आणल्या. कापसात गुंडाळल्या, पुडा केला आणि एका गाठीत वरच्या बाजूला ठेवला.

कंटेनरमध्ये जे असेल ते कागदात पाहिजे, नाहीतर तिकडचा कस्टमवाला धरतो, हा शेठचा नियम. लपवून काही पाठवायचं नाही. म्हणून दळवीने बिलाच्या शेवटी एक ओळ टाकली: एक पुडा, कापड आणि काचेच्या बांगड्या, भेट, किंमत नाही. मग आम्ही तपासायला बसलो. त्याने एलसी वाचली. माल, हाय. वजन, हाय. भाव, हाय. गाठी, हाय. सही हाताची, हाय, ती तर दोनदा बघितली. एकही न्हाय नाही. दळवीने खूश होऊन मला लवंग दिली. इथल्या बँकेनेही कागद बघून पुढे पाठवले.

मोंबासाच्या बँकेने अडवले.

दळवीने निरोप वाचून दाखवला. एलसीत न मागितलेला माल बिलात आहे, काचेच्या बांगड्या; कापडाच्या बिलात कापड त्यांना खटकलं नाही. फुकट असला तरी चालत नाही, असा त्यांचा नियम. जे मागितलं नाही ते बिलात दिसता कामा नये.

मी म्हटलं, आपण तर सगळं ताडून बघितलं होतं. दळवी बराच वेळ दोन्ही कागद घेऊन बसला. मग म्हणाला, "आपण एलसीतलं सगळं बिलात आहे का ते बघितलं. बिलातलं सगळं एलसीत आहे का ते बघितलंच नाही."

मला इतका राग आला की काय सांगू. ताग्याची सुलट बाजू बघून कोणी पास करतं का? उलट बाजू ओढायचीच असते. घडीखात्यात नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि कागदाला मात्र उलट बाजू असते हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघं मिळून एका दिशेनेच वाचत होतो.

आता उपाय एकच. अमीनशेठने बँकेला लिहून द्यायचं, चूक असली तरी चालेल. दळवी शेठना म्हणाला, फोन लावा. शेठ म्हणाले, नाही.

"अरे, आहेर दिला ना मी त्याला?" शेठ म्हणाले. "आता फोन करून काय सांगू? तुझ्या पोरीच्या आहेरात माझे पैसे अडकले, सोडव? असा आहेर असतो?"

दोन दिवस गेले, चार गेले. माल बंदरात लागला. सुताचा भाव उतरला, तिकडे कापडाचाही उतरला असणार, आणि अमीनशेठकडून आवाज नाही. दळवी म्हणाला, तो भाव पाडायची वाट बघतोय, आखातवाल्यासारखी. शेठ म्हणाले, पाडू दे. त्यांनी दलालाला बोलावणं धाडलं होतं. तो येऊन लूमसुद्धा बघून गेला. घडीखात्यात गुलाब म्हणाली, माझ्या तोंडाला आग लागो, मीच बांगड्यांचा विषय काढला.

मी ऑफिसात गेले. शेठ खुर्चीत होते, दळवी समोर. मी म्हटलं, "शेठ, कापड तुमचं. बांगड्या आमच्या. तुमच्या आहेराचं तुम्ही बोलू नका. आमच्या बांगड्यांचं मी बोलते. फोन लावा, दळवी."

शेठनी अडवलं नाही. दळवीने नंबर लावला.

पलीकडून अमीनशेठचा आवाज आला. मी म्हटलं, "अमीनशेठ, मी तारा. याकूबशेठच्या घडीखात्यातली."

"कोन तारा?"

"तुमचा माल बांधते ती. तुमच्या बँकेने आमचे कागद अडवलेत."

"हां," तो म्हणाला. "चूक हाय कागदात. शेठला सांग, भावाचं बोलू."

"चूक काय हाय ते वाचलंत का?"

वाचलं नव्हतं. लग्नघर, वेळ कुठे. बँकेने चूक म्हटलं, याने ऐकलं, आणि व्यापारी माणूस, बाजार उतरलेला, त्याला ती चूक बरीच वाटली. हे त्याने स्वतः सांगितलं, लाजला नाही. मलाही ते आवडलं.

मी म्हटलं, "चूक म्हणजे बांगड्या हायत. बँक म्हणते तुम्ही मागितल्या नव्हत्या. खरं हाय, नव्हत्या मागितल्या. सलमासाठी आम्ही बायकांनी ठेवल्यात, शेठनी कापड ठेवलंय. आता आहेर कोण मागून घेतं?"

मग तो म्हणाला, "याकूबने फोन का न्हाय केला?"

"लाज वाटते त्यांना."

शेठनी मान फिरवली. अमीनशेठ म्हणाला, "कुठला नंबर आणलात?"

"दोन-सहा."

"तिला दोन-चार होतात."

"मंग एलसीत लिहायचं होतं," मी म्हटलं.

तो हसला. फोन स्पीकरवर नव्हता तरी दळवीला ऐकू गेला, एवढा मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेला लिहून दिलं. ठरलेल्याच भावाने पैसे आले. दलालाला शेठनी चहा पाजून परत पाठवला. संध्याकाळी घडीखात्यात बिर्याणीचं भगोनं आलं, आणि आम्हा माळकरी दोघींसाठी वेगळा डबा.

तीन-चार महिन्यांनी अमीनशेठची नवी एलसी आली. दळवी मला वाचून दाखवत होता. लुंगी, इतके तागे, हा भाव. मग तो थांबला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि परत वाचलं. मालाच्या वर्णनात शेवटी होतं: आणि काचेच्या हिरव्या बांगड्या, साइज दोन-चार, एक डझन, किंमत नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता पाठवाव्याच लागतील," दळवी म्हणाला. "नाही पाठवल्या तर कागद अडकतील."

बँकेचा माणूस तिकडे ती ओळ वाचून काय म्हणाला असेल, देव जाणे. त्याच्या नियमात बसत होतं, संपलं. लग्न झालं, पण ओळ गेली नाही. नवी एलसी करताना लोक जुनीच समोर ठेवून उतरवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ती आली. प्रत्येक कंटेनरच्या आधी मी तीनबत्तीला जाऊन बांगड्या आणायचे. कासार विचारायचा, मावशी, एवढ्या बांगड्या घालतं कोण? मी सांगायचे, बँक घालते.

काही वर्षांनी मधेच एका एलसीला दुरुस्ती आली. दुरुस्तीला बँकेत फी पडते, उगाच कोणी करत नाही. दळवी घाबरला, तारीख बदलली की भाव? वाचलं तर साइज बदलली होती. दोन-चारच्या जागी दोन-सहा. दळवीला काही कळेना. मी म्हटलं, पोर बाळंत झाली असेल, मनगट भरलं. गुलाबने सगळ्यांना सांगितलं, बघा, मी दोन-आठ म्हणत होते, थांबा अजून.

तेव्हापासून मी आणि दळवी कागद दोनदा वाचायचो. आधी सुलट, एलसीकडून बिलाकडे. मग उलट, बिलाकडून एलसीकडे. उलट वाचताना मी वाचायचे, अक्षर अक्षर लावून, आणि दळवी हाय म्हणायचा. माझं वाचन ऐकून ऑफिसातली पोरं हसायची. हसू दे.

आता याकूबशेठ नाहीत. दळवी पुण्याला मुलीकडे होता, गेल्या साली तोही गेला. त्याची लवंगांची डबी मी मागून घेतली, रिकामी होती. शेजारच्या लूम बंद होत चालल्यात. पलीकडच्या पूर्णा गावाकडे तर बघवत नाही, जिथे तिथे गोदामं आणि ट्रक. आमचं घडीखातं चार बायकांवर आलंय. मी घरीच असते, पण अमीनशेठच्या कंपनीची एलसी आली की शेठचा मुलगा खारबावला रिक्षा पाठवतो. त्याला गरज आहे की त्याची सवय आहे, मी विचारत नाही. रिक्षा येते, मी जाते.

दळवीच्या जागी आता नेहा नावाची मुलगी आहे. हुशार आहे, सगळं कॉम्प्युटरवर ताडते, आणि माझ्यासमोर परत एकदा वाचते. गेल्या खेपेला एलसी आली तेव्हा म्हणाली, "मावशी, ही बांगड्यांची ओळ चुकून राहून गेलीय का? काढायला सांगू त्यांना?"

"चुकून नाही. पुढे वाच."

"साइज दोन-सहा, एक डझन." ती थांबली. "याच्यापुढे नवीन काहीतरी आहे. आणि साइज एक-बारा, अर्धा डझन. एवढी लहान साइज असते?"

"असते," मी म्हटलं. "चार-पाच वर्षांच्या पोरीची."

मी तीनबत्तीला गेले. कासाराकडे एक-बारा हिरव्या नव्हत्या, त्याच्या माळ्यावरून शोधून काढायला लावल्या. महाग लावल्या त्याने, मी घासाघीस केली नाही. गाठीत कापसात दोन पुड्या ठेवल्या, मोठी आणि लहान. मग नेहाने बिल काढलं आणि आम्ही बसलो. ती वाचत गेली, मी बोट फिरवत गेले. शेवटच्या ओळीवर आलो.

"साइज एक-बारा, अर्धा डझन," ती म्हणाली.

मी बोट ठेवलं. "हाय."

मग आम्ही उलट वाचायला घेतलं.